पुढच्या खोलीतला समुद्र

९ एप्रिल २००६
ह्यांनी आज घरी समुद्र आणला! सीडीत. बँकेतल्या सयाजीभाऊजींनी दिलेली गेम. मारामारी नाही, जिंकणं-हरणं नाही – एक होडी, आणि पाण्यात उतरून कुठंही फिरा. लेकीची, संघप्रियाची बारावी संपल्यामुळं कॉम्प्युटर रिकामाच आहे.

मला रागच आला. गेल्या जुलैच्या पुरात हे वसुलीला गेले आणि नदीपलीकडं अडकले. अख्खी रात्र झाडावर! तेव्हापासून हे पूल ओलांडत नाहीत. पलीकडच्या शाखेत बदली झालीय, दोनदा मुदत मागून झाली. आता दोन मेला हजर व्हायचं, नाहीतर नोकरी गेली. मी कधी काही बोलत नाही. एवढंच म्हणते, जरा थांबा.

१२ एप्रिल
हे होडीतच बसून. पाण्यात उतरतच नाहीत. बिचारे. म्हणाले, "जवळ बस की प्रीती, एकट्याला करमत न्हाय." बसले. माझी नजर मात्र भिंतीवर.

१४ एप्रिल
जयंतीची मिरवणूक. पाय दुखतायत.

१७ एप्रिल
आज उतरले! माझ्या माहेरी, चंदगडला, विहिरीत पोहायला शिकवताना पोरांच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधतात, म्हणजे पोर तरंगतं. गेममधल्या माणसालाही तसाच डबा. मी विचारलं, "अहो, डबा बांधूनबी खाली कसा जातोय ह्यो?"
"गडी वजनदार हाय. पण डबा हाय म्हटल्यावर वर येणारच."
पटलं. मग पहिल्यांदा नीट बघितलं. निळे मासे, डुलणारं गवत, आणि एक कासव – अगदी आमच्या सासूबाईंच्या चालीनं! छान वाटलं.

२१ एप्रिल
बुडालेलं जहाज सापडलं. भांडी तशीच पडलीत.

२४ एप्रिल
संघप्रिया हसून लोळायची बाकी. "आई, डबा न्हाय गं त्यो! हवेची टाकी हाय. हवा संपली की मेला."

 म्हणजे इतके दिवस ह्यांनी...! पडद्यावर तो माणूस खोल तळाशी, टाकीची खूण लाल झालेली, आणि हे खुशाल पाणी प्यायला उठले! मग मीच माउस धरला. वर, वर, वर आणला त्याला. बाहेर सगळीकडं ऊन. मी श्वास रोखून बसले होते ते तेव्हा कळलं. माउस सोडला नाही.

२८ एप्रिल
आता मीच खेळते. हे कुकर लावतात.

२ मे
हे गेले! सकाळी अगदी शीळ घालत. अकराच्या सुमारास फोन – "पोचलो." एवढंच. मी पोटभर जेवले, दुपारी गाढ झोपले. सुटले बाई एकदाची. ह्यांची भीती गेली.

३ मे
मंडईत सयाजीभाऊजी भेटले. म्हटलं, तुमच्या गेमनं ह्यांची पाण्याची भीती घालवली बघा.
"धम्मपालला कसली भीती, वैनी? दर आईतवारी नदीत पोहतोय की आमच्यासंगं! पुलाचं नाव काढलं की घरात तुम्हाला झोप लागत न्हाय, म्हणून तर तुमच्यासाठी गेम नेली त्यानं..." आणि जीभ चावली. "सांगू नको म्हणालता."

संध्याकाळी हे आले.  चहा देताना म्हटलं, रविवारी मीपण येते नदीवर.