लॉन्ड्रीच्या भिंतीवरच्या पाच जणी

मी, रेफुहिया बेर्लांगा, वय एकसष्ट, धंदा चित्रकारी, राहणार लारेडो, टेक्सास, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. कोणाच्या दबावाखाली नाही. दबाव आणणारे आहेत. आठवडाभर घरासमोर एक करडी गाडी उभी असते. पण लिहिते ते माझ्या मर्जीने.

१. राहतं घर आणि आईचा मका वाटायचा पाटा धाकटी बहीण सुलेमा हिला. पाटा शोभेला मांडू नये.

२. ‘रूथ’ अशी सही असलेली माझी जुनी चित्रं विकू नयेत. माझं नाव जिभेवर बसेना म्हणून शाळेतल्या बाईंनी रूथ केलं आणि मी वीस वर्षं तेच वापरलं. गॅलरीवाला म्हणायचा, “कवट्या काढा, निवडुंग काढा, खपतात.” काढले. त्याची लाज वाटते. चित्रांच्या मागे माझं खरं नाव घालावं.

३. लॉन्ड्रीच्या भिंतीवरचं चित्र वस्तीचं आहे. कांद्याच्या शेडला आग लागली त्यातून वाचलेल्या पाच बायका त्यात आहेत, आमच्याच रंगाच्या, आमच्याच शालीत. वस्तीत मला कुका म्हणतात. त्यातली एर्लिंदा भांडली होती, “कुका, मला जरा उजळ काढ की गं!”

“आरशात बघून ये, मग बोल.”

हसली, आणि तशीच उभी राहिली.

शेडचं दार बाहेरून बंद होतं, असं पाचही जणींनी लिहून दिलं होतं. मग एका सोमवारी चित्रातल्या पहिलीच्या डोळ्यांवर डांबर फासलेलं दिसलं. तिने जबाब मागे घेतला. पुढच्या सोमवारी दुसरी, मग तिसरी. चौथी एर्लिंदा, तिने जबाब मागे घेतलाच, वर माझ्याशी बोलणंही सोडलं. उरली सुलेमा. गुरुवारी कोर्टात तिची साक्ष आहे. आज सोमवार, आणि भिंतीवरच्या तिच्या डोळ्यांना कोणी हात लावलेला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

४. रंग, कुंचले, शिडी वस्तीत ज्याला चेहरे जमतात त्याला. चौघींचे डोळे मी पुन्हा काढले आहेत. पुढचे त्याने काढावेत. तपकिरीत पांढरा मिसळू नये.

५. शेडचा मालक माझ्या मातीला आला तर फुलं ठेवून घ्यावीत, त्याला परत पाठवावं.

एर्लिंदाला साक्षीदार म्हणून निरोप धाडला होता. येईल असं वाटलं नव्हतं. आत्ता मागच्या दाराने आली.

“गाडी अजून आहे गं.”

“सही केलीस तर तुझं नाव दिसेल.”

“ठाऊक आहे. सरक.”

लारेडो, सोमवार, ९ मार्च २०२६

रेफुहिया बेर्लांगा (सही)

साक्षीदार १ : एवारिस्तो कांतू, शेजारी, न्हावी (सही)

साक्षीदार २ : एर्लिंदा सोलीस (सही). दार बाहेरून बंद होतं. मी आत होते.