उशिरा येणाऱ्यांचा बोळ

३ ऑगस्ट, रविवार
माझ्या जागेवर चष्मेवाला!
चाळीस खुर्च्यांचं थेटर. बाई स्वतः तिकीट फाडते, स्वतःच मशीन चालवते. तिचा एकच हट्ट — उशिरा आलेल्याला तसंच आत सोडायचं नाही. दाराबाहेरच्या बोळात थांबवून आधी झालेली गोष्ट सांगायची, मग खुर्ची. वर्षभर ते काम माझं. त्या बदल्यात सिनेमा बघायचा. आठवडाभर हॉटेलच्या चादरी धुतो त्या याच एका दुपारच्या जिवावर.
आज बाई म्हणते, "हा शिकलेला आहे, यालाही सांगू दे की."
यालाही म्हणे.

५ ऑगस्ट
इस्त्रीवर हात भाजला. डोक्यात तोच. काय तो आवाज, अगदी बातम्या दिल्यासारखा.

१० ऑगस्ट, रविवार
दाराआड उभा राहून त्याचं ऐकलं. मला इथली भाषा अर्धीमुर्धी कळते, तो तर इथलाच. सिनेमा जुना, बाईने पुन्हा लावलेला. मागच्या खेपेला मी लोकांना सांगितलं होतं — टोपीवाला तिचा भाऊ, तिला शेवटचं भेटायला आलाय. चष्मेवाला सांगतो, तो नवरा आणि तिनेच त्याला हाकललाय.
म्हणजे वर्षभर मी मनचंच सांगत होतो. चित्रं बघून.
जळून खाक झालो. कुठेतरी एकदा तरी चुकायचा होता मेला.

१७ ऑगस्ट, रविवार
गेलो नाही. खोलीतला भाऊबंद म्हणाला, "काय रे, पोरीने नकार दिला का?" म्हटलं, गप झोप.

२० ऑगस्ट
बाई थेट हॉटेलच्या मागच्या दारी.
"रुसलास?"
"मी चुकीचं सांगायचो, माहीत होतं ना तुम्हाला?"
"पहिल्या दिवसापासून. अरे, तुझ्या त्या भावापायी लोक डोळे पुसत बाहेर पडले. तुझं ऐकायला मुद्दाम उशिरा यायचे, आता सगळे कसे वेळेवर येतात. बोळात चिटपाखरू नाही."
गोड बोलून कामाला लावायचं, दुसरं काय. म्हटलं, ठेवा तुमच्या चष्म्यालाच.

२४ ऑगस्ट, रविवार
तरी गेलो. बोळात मी एकटाच. चष्मेवाल्याचा पत्ता नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि तो आला, सावकाश, चालत. सिनेमा तोच टोपीवाल्याचा, त्याला तोंडपाठ. भिंतीला टेकला, चष्मा काढून खिशात ठेवला.
"उशीर झाला मला. सांग."