सपरीतल्या तारेवरचा कचरा

दीपमाला,

मी विहारात मुलांना शिकवायला जाते आहे. "आई, कवा वापस याल जी?" असं तू आज दोनदा विचारलंस. एरवी विचारत नाहीस. त्यात संध्याकाळी तुझ्या माहेरचे पाहुणे, म्हणून मला संशय येतो.

दारापुढच्या सपरीतल्या तारेवर लोंबतंय तो कचरा नाही. फुलचुखीनं कोळ्याची जाळी आणि सालपटं जोडून केलेलं घरटं आहे. आत दोन पिल्लं आहेत. सकाळची वंदना झाली की मी तिथं उभी राहते. ती इवलीशी आई चोचीत किडा घेऊन आली, की आजचाही दिवस नीट जाईल असा भरवसा वाटतो.

जाळी काढायचा लांब झाडू सोबत नेते आहे. तुझ्या मनात तसं काही नसेल तर माफ कर. झाडू मात्र मी आल्यावरच मिळेल.

— आई