लाखेच्या चकत्या आणि पितळेची घागर

माय, आज सून बाजारातून मीठ घेऊन आली आणि पिशवी खाली ठेवता ठेवताच कुरकुरली, "शेरावर चिमूटभर वर टाक म्हटलं, तर वाण्यानं तोंड वाकडं केलं." मी सुपातले खडे वेचत होते, तशीच हसले. दुपारी नातू शाळेत गेल्यावर त्याची दौत-लेखणी घेऊन बसले. लिहायला मी उतारवयात शिकले, त्याच्याच पाटीवर. अक्षर वाकडं येतं, पण येतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी बोलायचं राहिलेलं काही सरत नाही.

अकोल्याच्या जुन्या गावातलं आपलं घर आणि मोर्णेकाठचा भाजीचा तुकडा मला अजून दिसतो. ते कापसाचे दिवस होते. कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि ज्याच्याकडे काळी जमीन होती त्यानं बांधापर्यंत सरकीच टोबली होती. ज्वारी पेरायची कोणी? बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागल्या आणि ज्वारी मात्र दर बाजाराला महाग होत गेली. आपली वांगी-मेथी विकून आलेला पैसा मीठ-तेलातच जाई. म्हणून तू किती धडपडायचीस! नवं तेल निघालं की वर्षाचं भरून ठेवायचं, मिठाचं पोतं चार घरांनी मिळून घ्यायचं, भाजी देऊन गूळ आणायचा. आणि त्या चकत्या.

नदीपलीकडच्या पेठेत एका शेठनं नवं दुकान थाटलं होतं. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून तो तेल, मीठ, गूळ घेणाऱ्याला लाखेची एक चकती द्यायचा, तिच्यावर त्याचा ठसा. चकत्या साठल्या की त्यांच्या बदल्यात दुकानातला माल फुकट मिळे. पैसेवाल्यांना त्याचं हसू येई. तू मात्र चकत्या धुऊन, पुसून गाडग्यात ठेवायचीस. बाबा चिडवायचे, "लोक चांदी तोलून राहिले, अन् तू लाख येचून राहिली!" तू चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणायचीस, "चांदीची भाकर होते का?"

आपल्या गल्लीच्या तोंडाशी कापसाच्या दलालाचं घर. त्याची बायको पायात जाड तोडे घालून दुकानात यायची. एकदा आपण दोघी तिथं उभ्या असताना शेठनं तिच्या हातावर चकत्या ठेवल्या, तिनं त्या तशाच तुझ्यापुढे टाकल्या. "धर व. आमच्या घरी काय करतात असल्या टिकल्या? तुलेच लागतात." बाकीच्या बायका हसल्या. तू खाली वाकून एकेक चकती वेचलीस आणि ओच्यात घेतलीस. त्यानंतर ती नेहमीच तसं करू लागली, आणि तिचं पाहून इतरही दोघी-तिघी. मी रस्त्यात रडकुंडीला येऊन विचारलं, "माय, काहून घेतल्या? ते हासून राहिली होती ना तुले."

"हासू दे. हासल्यानं लाख वितळत नाही."

त्या दुकानात वरच्या फळीवर एक पितळेची घागर होती. गळ्याभोवती वेलबुट्टी कोरलेली. माझं लग्न अमरावतीला ठरलं होतं आणि सुपारी फोडताना सासूनं सांगितलं होतं, "बाकी काही नको, पोरीसंगं पितळेची एक घागर तेवढी येऊ द्या." तू शेठला विचारून आलीस, त्यानं घागर तुझ्यासाठी राखून ठेवायचं कबूल केलं. त्या दिवसापासून मी काही कारण काढून पेठेत जायची आणि फळीकडे पाहून परत यायची.

मग कुठल्याशा दूरच्या मुलखातली लढाई संपल्याची खबर आली. कुठली लढाई, कोणाची, गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं, पण कापसाचा भाव कोसळला. कापसाच्या गाठी तशाच पडून राहिल्या. दलाल अडकलेला पैसा सोडवायला मुंबईला गेला, तो परतलाच नाही. शेठही आवराआवर करू लागला. ज्याच्याजवळ चकत्या असतील त्यानं येत्या बाजाराआधी माल उचलावा, असं त्यानं सांगून टाकलं.

आपण दोघी गेलो ती सकाळची वेळ. तू गाडगंच डोक्यावर घेतलं आहेस, मी मागून जवळजवळ धावते आहे. दुकानाच्या पायरीवर दलालाची बायको उभी. पाय मोकळे आहेत, तोडे हातात आहेत. शेठ तिला म्हणतो आहे, "बाई, चांदी घेऊन मी काय करू? साऱ्या गावाची चांदी माह्याकडे येऊन पडली. रोख आणा, ज्वारी नेजा." ती तोडे तसेच पुढे धरून आहे. तिच्या कडेवरचं पोर तिचा पदर चोखत आहे.

शेठनं गाडगं पाहिलं आणि नोकराकरवी घागर खाली काढली. पुसली. तुझ्यासमोर ठेवली. मी हात पुढे केला.

"राहू द्या, शेठ," तू म्हणालीस. "घागर नको. एवढ्याची ज्वारी अन् मीठ मापा."

"अवो, तुमच्या पोरीचं लग्न आहे ना?"

"आहे. तुमी मापा."

मी तुझं लुगडं ओढलं. तू माझा हात सोडवलास, रागानं नाही, पण सोडवलास. पोत्यात ज्वारी पडली, वर मिठाची पिशवी आली, आणि तू ते सगळं त्या बाईपुढे सरकवलंस. ती मागे सरली. तिचा चेहरा लाल झाला. "मले कोणाचं दान नाही पाहिजे."

"दान कोण देते व तुले?" तू इतक्या मोठ्यानं बोललीस की नोकर थबकला. "तुह्याच चकत्या हायेत ह्या. तूनंच त माह्या ओच्यात टाकल्या होत्या. मी सांभाळून ठेवल्या. उचल आता, पोरगं भुकेलं आहे."

तिनं उचललं. उरलेल्या चकत्यांत आपल्यासाठी मिठाची आणखी एक पिशवी तेवढी तू मापून घेतलीस. घरी येताना नदीपाशी मी रडत थांबले आणि म्हणाले, "मंग माह्या घागरीचं काय?" तू डोक्यावरची पिशवी सावरलीस. "तुह्या घरी भाकर आहे," एवढंच बोललीस आणि पाण्यात पाय घातलास.

मी अमरावतीला मातीची घागर घेऊन आले. सासूनं ती पाहिली आणि पुढे कितीतरी वर्षं पाणी भरताना मला ऐकवत राहिली. मी तुझ्यावर रुसून पहिल्या दिवाळीलाही माहेरी आले नाही. तू बोलावणं धाडलंस, मी कामाची सबब सांगितली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अकोल्यात पटकी आली. निरोप मिळाला तशी मी गाडी जुंपवून निघाले. बाबा तुझ्या आधी गेले होते. मी पोचले तेव्हा तुलाही नेऊन झालं होतं.

आपल्या ओट्यावर दलालाची बायको बसली होती. पटकीच्या भीतीनं गल्लीतलं कोणी आपल्या दारात पाय ठेवत नव्हतं. तिनं एकटीनं तुला पेज पाजली, कपडे बदलले, शेवटी न्हाऊ घातलं. मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं मला धरलं.

"तुह्या मायनं मले उपकार म्हणून देल्लं नाही," ती म्हणाली. "माहंच हाय म्हणून देल्लं. म्हणून मले या घरात येता आलं."

त्या रात्री तिनं भाकरी केली आणि आम्ही दोघी तुझ्या चुलीपाशी जेवलो. ती होती तोवर अकोला माझं माहेर होतं. दर दिवाळीला मी तिच्याकडे गेले.

माय, हा कागद कुठं धाडायचा, ते मला माहीत नाही. नातू शाळेतून आला की दौत परत मागेल. एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितली नाही, ती लिहून ठेवते. तुझा चेहरा मला आता आठवत नाही. पुष्कळ डोळे मिटून पाहिले. आवाज तेवढा आठवतो, म्हणून तू बोललीस तेवढं सारं लिहून काढलं.