दाढी माफीची चिठ्ठी

१० नोव्हेंबर

तोंड पेटलंय. नुसतं नळाचं पाणी लागलं तरी झोंबतं! तीस वर्षं नोकरी केली, राजस्थानची लू खाल्ली, लडाखचं वारं खाल्लं, गालांना काही झालं नाही. आता पेन्शनला पन्नास दिवस उरले आणि दिल्ली कॅन्टच्या क्वार्टरमध्ये बसल्या बसल्या जळतायत. बायको शेवंता म्हणते, दवाखान्यात दाखवा. सुभेदार संपतराव गाल दाखवायला जवानांच्या रांगेत उभा राहणार? नसतं बायकी काम.

कारण मला ठाऊक आहे. ट्यूब संपली. आठ वर्षांपूर्वी मांडीला गजकर्ण झालं तेव्हा आणली होती. उरलेली तोंडाला लावून पाहिली – दाढीनंतरची आग थांबली, वर रंगही उजळला. तेव्हापासून रोज. आता मेडिकलवाला म्हणतो, पर्ची लाओ. आठ वर्षं लागली नाही ती डॉक्टरची पर्ची आता आठवली!

१२ नोव्हेंबर

आमची लेक प्रज्ञा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे तिला सगळं कळतं. तिने तिचा फेसवॉश दिला. तिच्या फळीवर अकरा बाटल्या आहेत. एकीत तांदळाचं पाणी, एकीत गोगलगायीचा चिकटा. माणसं गोगलगाय विकत घेऊन तोंडाला लावतात!

लावला. आगीतून फुफाट्यात. मग शेवंताने हळद आणि साय थापली. मग मी तुरटी फिरवली, कारण तुरटीने आजवर दगा दिला नव्हता. आज दिला.

आरशात माकड दिसतं. तेही मागच्या बाजूने.

१५ नोव्हेंबर

गेलो शेवटी. कातडीच्या डॉक्टर – कॅप्टन तनया मॅडम. प्रज्ञाची थोरली बहीण शोभेल. रिकामी ट्यूब बरोबर नेली होती. तिने त्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, “साहब, ये चेहरे की चीज़ ही नहीं है.” मग छातीवरचं नाव पाहून मराठीत आली. ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे म्हणे. आठ वर्षांत त्याने कातडी पातळ केली. वर माझी रोज दोनदा दाढी, साबण, तुरटी, जंतुनाशक. वरचा थरच खलास. आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरचं जे लागेल ते आत झोंबतं.

मी सांगितलं, मॅडम, जळजळ झाली की औषध लागू पडतंय असं आम्ही मानतो.

“जळतंय म्हणजे जळतंय, साहेब. दुसरं काही नाही.”

मग तोंड कसं धुवायचं ते शिकवलं! कोमट पाणी. साबण बंद. टॉवेल घासायचा नाही, टिपायचा. ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मलम. झोपताना व्हॅसलीन. हळद, लिंबू, तुरटी, प्रज्ञाच्या बाटल्या – सगळ्यांना सुट्टी. उन्हात जपायचं. आधी वाढेल, मग हळूहळू उतरेल. चिडून ट्यूब पुन्हा घेतली तर पहिल्यापासून सुरुवात.

आणि हातात चिठ्ठी ठेवली. आठ आठवडे दाढी माफ. म्हणजे दहा जानेवारी! एकतीस डिसेंबरला माझा निरोप आहे, पलटणीसमोर, फोटोसकट. खुंट वाढवून जाऊ?

१७ नोव्हेंबर

चिठ्ठी कपाटात. दाढी केली. रक्त कॉलरवर आलं.

१८ नोव्हेंबर

आज दाढी न करता परेडला. तीस वर्षांत पहिल्यांदा. जवान पाहून न पाहिल्यासारखं करतात – आणि हे करायला मीच शिकवलंय त्यांना. ऑफिसातला हेरंब क्लार्क तेवढा म्हणाला, “साहेब, नवा लूक?” त्याच्या पोटाचा लूक आम्ही दहा वर्षं बघतोय, बोललो का कधी?

स्टोअरचा नायक विश्वजित समोरून गेला. सॅल्यूट ठोकला, चेहरा कोरा. चार वर्षांपूर्वी हाच असली चिठ्ठी घेऊन आला होता. मी फाडली. पाठीवर पिठ्ठू लादून ग्राउंडला दहा फेऱ्या. नाजूक नार! गावाकडे म्हशी राखणारी पोरं, इथे येऊन यांची कातडी हुळहुळते.

२५ नोव्हेंबर

तोंड सुजलंय. बाहेर धूर, घशात धूर, गालांवर निखारे. मॅडमने सांगितलं तसंच होतंय, म्हणून जास्त राग येतो.

शेवंता मलम लावून देते. हसत नाही, हे तिचे उपकार.

८ डिसेंबर

उतरतंय. आज पाणी लागलं आणि झोंबलं नाही. दोनदा लावून पाहिलं.

आता कळलं. सारवलेली जमीन रोज खराट्याने खरवडली तर पोपडे निघणार, धूळ उडणार. आपण म्हणणार, जमीनच खराब. आणखी जोरात खरवडा! आठ वर्षं मी हेच केलं. प्रज्ञाच्या अकरा बाटल्यांना हसत होतो. बाटलीवर काय लिहिलंय ते ती निदान वाचते, मी ट्यूबवरचं कधी वाचलं नाही. आज तिने त्यातल्या सात काढून टाकल्या. मला सांगितलं नाही, मीच पाहिलं.

१९ डिसेंबर

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझी चिठ्ठी खरी, विश्वजितची म्हणजे नखरा.

इथे कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मी लोकांना नेहमी सांगितलं की चिठ्ठी खोटी वाटली म्हणून फाडली. खोटं. मी वाचली होती. सही होती, शिक्का होता. फाडली, कारण सगळी पलटण बघत होती. त्याच्या कॉलरवरही रक्त होतं. ते रोज धुवायला लागणारं रक्त कसलं, हे मला आता ठाऊक आहे. लाज वाटते.

२७ डिसेंबर

हेरंबने ट्यूब आणून दिली! सरोजिनी नगरहून, बिनापर्चीची. म्हणाला, साहेब, निरोपाचा फोटो घरात जन्मभर टांगला जातो, चार दिवस लावून दाढी करा, गाल गुळगुळीत. उंटावरचा शहाणा. पण ट्यूब मी घेतली. खिशात ठेवली. दिवसभर हात तिथेच जात होता.

संध्याकाळी शेवंतासमोर कापून कचऱ्यात टाकली. ती म्हणाली, फोटोत दाढी येईल. म्हटलं, येऊ दे. विश्वजितलाही भेटणार, तेही याच तोंडाने.

३१ डिसेंबर

निरोप झाला. खुंटासकट फोटो निघाला.

नंतर स्टोअरमध्ये गेलो. विश्वजितला म्हटलं, तुझी चिठ्ठी मी वाचून फाडली होती, माझं चुकलं. तो म्हणाला,

“साहेब, चार वर्षांपूर्वीची ती दिनकरची. माझी त्याच्या आदल्या वर्षी फाडली होती.”

मला एकच आठवत होती. दिनकरचा फोन नंबर घेतला. आणखी कोणाकोणाची, हे विचारायचं धाडस झालं नाही.