छोटीशी बाब

प्रिय फटकळ्या,

नऊ दिवस तुझा फोन बंद आहे, म्हणून हा कागद. मामा उद्या दुपारी परत निघतील, त्यांच्याच पिशवीतून तुझ्याकडे येईल. मामांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असल्याने पाकीट चिकटवून वर चिकटपट्टीही मारली आहे. हाताने एवढं लिहायची सवयच गेली बघ. ऑफिसात लिफ्टच्या ग्राहकांना दिवसाला शंभर-दीडशे निरोप टाइप करते, एकावरही अडत नाही, आणि इथे तीन कागद फाडून झाले.

आई बरी आहे. दुकानातल्या लिफ्टला अपघात झाला आणि तू मामांकडे विश्रांतीला गेलास, एवढंच तिला सांगितलंय. तिथे त्याला पोटभर जेवायला घालतात ना, असं रोज विचारते. मी हो म्हणते. तुझी हत्यारांची पेटी कंपनीने परवा शिपायाबरोबर पाठवून दिली. निलंबनाच्या काळात मेकॅनिकने हत्यारं जवळ ठेवायची की नाही, यावर त्यांच्यातच एकमत नव्हतं. पेटी तुझ्या पलंगाखाली सरकवली आहे. ती का आली, हे मात्र आईने अजून विचारलेलं नाही.

तुला मीच या कंपनीत चिकटवलं आणि पहिल्या महिन्यात मलाच पश्चात्ताप झाला. तुझं काम सोन्यासारखं, पण ग्राहकांच्या ग्रुपवरचं लिहिणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. कापड दुकानाची लिफ्ट तू सकाळी दहाला बंद केलीस आणि ग्रुपवर टाकलंस की लिफ्ट बंद केली आहे, दोरखंडाच्या तारा तुटल्यात, कुरकुर करू नका, जिने चढा. सात मजल्यांचं दुकान, गिऱ्हाइकांची गर्दी, दुकानाचे मॅनेजर भडकले. आपल्या कंपनीच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, तुमच्या भावाला माणसांशी बोलायला शिकवा, नाहीतर दुसरीकडे काम बघायला सांगा. तारा खरंच तुटल्या होत्या की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग मी ती नियमावली केली. तिचा मला किती अभिमान होता म्हणून सांगू! आधी नमस्कार, मग एखादं चांगलं वाक्य, मग अडचण, तीही सौम्य शब्दांत, आणि शेवटी आभार. हुकूम करायचा नाही. ग्राहकाला थेट फोन करायचा नाही. आणि ग्रुपवर ग्राहकाचा लेखी होकार आल्याशिवाय लिफ्ट बंद करायची नाही. साहेबांनी ती छापून भिंतीवर लावली. मेकॅनिक मंडळी मला साखरताई म्हणायला लागली आणि मला ते आवडायचं. तू एकटाच म्हणालास की ताई, हे म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं. मी तुझ्यावर चिडले, मग रडले, मग आईचं नाव काढलं. आईचं नाव काढल्यावर तू नेहमीच हरतोस. त्या दिवसापासून तू प्रत्येक निरोप आधी मला पाठवू लागलास, मी तो घासूनपुसून परत द्यायचे आणि मग तू तो ग्रुपवर टाकायचास.

चार वर्षांपूर्वी आई मोरीत पडली, तेव्हा तू मला दोनच वाक्यं पाठवली होतीस. आई पडली. ये. मी ऑफिसातून पर्स न घेता निघाले होते. डोक्याला आतून मार लागलेला, डॉक्टर म्हणाले की तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. आई हाती लागल्यावर मी तुझ्याशी भांडले होते, असं कुणी लिहितं का, माझं काळीज बंद पडलं असतं म्हणून. तू ऐकून घेतलंस. तेव्हा मला कळायला हवं होतं की त्या दोन वाक्यांनीच मला पळायला लावलं होतं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

आता त्या शनिवारचं लिहिते. आपण दोघं ते सोडून सगळं बोललो आहोत. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याच कापड दुकानातून तुझा निरोप आला: "ब्रेक धरत नाही. लिफ्ट आत्ता बंद करायला लावा. कुणालाही आत जाऊ देऊ नका." मी तेव्हा दुसऱ्या एका ग्राहकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहीत होते. तुझं वाचलं आणि पहिला विचार आला तो हा, की हा पुन्हा मॅनेजरांना भडकवणार आणि पुन्हा मला केबिनमध्ये जावं लागणार. दोन मिनिटांत तुला परत पाठवलं: "नमस्कार. आजची तपासणी व्यवस्थित सुरू आहे. ब्रेकसंदर्भात एक छोटीशी बाब लक्षात आली आहे. आपल्या सोयीनुसार लिफ्ट थोडा वेळ बंद ठेवता आली तर बरे होईल. सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार." तू तेच टाकलंस. मॅनेजरांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि खाली लिहिलं, आज गर्दी आहे, सोमवारी पाहू. तू "आत्ता" लिहिलं होतंस, फटकळ्या. तो शब्द मी काढला.

तू मॅनेजरांच्या केबिनपर्यंत धावत गेलास, त्यांची मीटिंग चालली होती, बाहेर बाकावर बसवून ठेवलं, हे मला नंतर दुकानातल्या विक्रेतीकडून कळलं. तू बाकावर असतानाच चौथ्या मजल्यावर लिफ्टमन काका कापडाचे गठ्ठे बाहेर ओढत होते. दार उघडं होतं आणि लिफ्ट खाली सरकली. काका त्यात गेले. मी त्यांना दोनदाच भेटले होते. बायकोने शिवलेली गादी स्टुलावर घालून ते लिफ्टमध्ये बसायचे आणि वर जाताना प्रत्येकाला त्याच्या घरचं विचारायचे. परवा मी त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. दार वाजवायचा धीर झाला नाही.

चौकशीच्या साहेबांनी तुला विचारलं म्हणे, की धोका एवढा मोठा होता तर "छोटीशी बाब" असं का लिहिलंस. तू खाली मान घालून म्हणालास, माझी चूक झाली. एवढंच. आयुष्यभर बाहेरच्या कुणाचं ऐकून घेतलं नाहीस, आणि नेमकं तिथे माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतलीस. आपल्या दोघांतले निरोप तू तुझ्या फोनवरून पुसून टाकलेस, हे आपल्या कंपनीच्या साहेबांनीच मला सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज किती मऊ होता! भाऊ समजूतदार निघाला, म्हणाले, आता तुम्हीही जुना फोन बदलून टाका, कंपनी नवीन देईल. मी विचार करते म्हटलं. खरंच विचार केला, तेही लिहिते. चार दिवस केला. माझी नोकरी, आईची औषधं, लोक काय म्हणतील, सगळं मनात घोळवलं. एकदा तर माझ्या फोनवरचे ते निरोप पुसायला बोटही ठेवलं होतं. तुझी बहीण एवढी मोठी नाही रे.

सोमवारी कंपनीवाले तुझ्यापुढे तुझ्या नावाचा तयार जबाब करतील, 'धोका मी हलका लेखला' असं त्यात लिहिलेलं असेल. सही करू नकोस. मी काल चौकशीच्या ऑफिसात जाऊन माझा फोन जमा केला आणि पोचपावती घेतली. तुझा मूळ निरोप, मी बदललेला निरोप, दोन्हींच्या वेळा, नियमावली कुणी केली आणि ती भिंतीवर कुणी लावली, सगळं माझ्या जबाबात आहे. माझ्यावर काय होईल ते अजून कुणी सांगितलेलं नाही, मीही विचारलं नाही. तुला आधी विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, म्हणून तुला न सांगता गेले. हे पत्र वाचलंस की मामांबरोबर घरी ये. आईला अजून काहीच सांगितलेलं नाही. मी तीनदा तिच्यासमोर बसले आणि तिन्ही वेळा ते इतकं गोड करून सांगायला लागले, की तिला काही कळलंच नाही. ते तू सांग.

तुझीच,
ताई