सावंगीचा मळा, दोघांच्या नावे

मी एकनाथराव अंबाजी साळुंके, वय अडुसष्ट, दिवाणी अदालतीचा निवृत्त पेशकार, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद दक्षिण, कोणाच्याही दाबाखाली न येता लिहून ठेवतो की माझी अक्कल ठिकाणावर आहे. पायांची खात्री देववत नाही, म्हणून हे आजच उरकतो. निजामाच्या हाली शिक्क्यात पगार घेतला, आता हिंदुस्थान सरकारच्या कलदार रुपयांत पेन्शन घेतो. एवढी उलथापालथ पाहिल्यावर माणसाने कागद तयार ठेवावेत. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. नल्लकुंट्याचे घर व आबिड्सच्या टपाल कचेरीतील बचत पत्नी सुशीलाबाई हिची. घरात हुकूम तिचाच चालतो, आता कागदही तिचा राहील.

२. मेहुणे हिम्मतराव यांना माझे फाटके हातजाळे. माझ्या गळाला लागलेला महाशीर त्यांनी या जाळ्यात उचलला आणि तेव्हापासून गौलीगुड्यात तो स्वतःचा म्हणून सांगत आहेत. जाळे त्यांनी घ्यावे. मासा माझा होता.

३. सावंगी येथील खैरी नदीकाठचा मळा. हे कलम लांबेल.

या नदीत पावसाळ्यात महाशीर प्रवाहाविरुद्ध वर चढत. मुलगी जयवंता हिला गळ टाकायला मीच तिथे शिकवले. पोलिस ॲक्शनच्या सुमारास मळ्याच्या वरच्या अंगाला धरण व वीजघर पुरे झाले आणि मुलगा यशवंत तिथे इंजिनियर लागला. मी पेढे वाटले, खोटे कशाला बोलू? पण विजेची गरज सरली की पाणी एकदम बंद होई आणि खडकांतल्या डबक्यांत मासे अडकून मरत. जयवंता भोयांच्या बायकांबरोबर ते घागरींतून डोहात नेऊन सोडू लागली. धरणाची दारे हळू लाव, म्हणून तिने भावाला विनवले. माशांसाठी विजेचे पाणी वाया घालवू काय, असे तो म्हणाला. दोघांचे बोलणे तुटले. भाऊबीजेला तो आला नाही, तेव्हा तिरीमिरीत मी सगळा मळा तिच्या एकटीच्या नावे लिहिला.

यंदाच्या संक्रांतीला यशवंत न सांगता सावंगीला आला. तिळगूळ तोंडात टाकला, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाला, "अक्का, पाणी आधी कुठं तुटतं, ते दाखव."

दिवसभर दोघे खडकांवर चुन्याच्या खुणा करत हिंडले. नंतर त्याने वरिष्ठांशी हुज्जत घालून परवानगी आणली. आता पाणी टप्प्याटप्प्याने उतरते. वाया जाणाऱ्या पाण्याचे काय, असे जयवंताने मुद्दाम विचारले.

"वाया कुठं जातंय, अक्का? नदीतच जातंय की."

मला फार बरे वाटले. सबब मळा दोघांना समाईक देतो. वाटणी करू नये. धरणाच्या कडेने मासे चढतील असा पायऱ्यांचा चर यशवंतने कागदावर काढला आहे. वरिष्ठ हसले म्हणे. हसू द्या. मळ्याचे उत्पन्न आधी त्या चराला लावावे.

४. धरणाच्या वर पहिला महाशीर पोहोचेल, तो कोणी धरू नये. त्याच्या मागून येणारे खुशाल धरावेत आणि चिंच घालून शिजवावेत.

वाचून, समजून सही केली.

एकनाथराव अंबाजी साळुंके
हैदराबाद दक्षिण, ३ फेब्रुवारी १९५२

साक्षीदार:
नामदेवराव, वकील, गौलीगुडा
हणमंतराव, शेजारी, नल्लकुंटा (मासे खात नाहीत, म्हणून निःपक्षपाती)